उलट्या आट्यांचा कप

सायकलीत सगळ्यात जास्त अन्याय कुणावर होत असेल, तर तो बीबीवर. घंटी लोक फडक्यानं पुसतात, मडगार्डवर नाव घालून घेतात, सीटला गोंड्यांचं कव्हर शिवतात. पण दोन पायडलांच्या मधला तो आडवा एक्सल, ज्याच्यावर माणसाचं सगळं वजन पडतं, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो एका आडव्या नळकांड्यात फिरतो. नळकांड्याच्या दोन्ही तोंडांना पोलादी कप आट्यांनी आवळलेले असतात, कपात छर्रे असतात आणि छर्ऱ्यांवर एक्सल. या सगळ्या प्रकरणाला आमच्या धंद्यात बीबी म्हणतात. ही नुसती इंग्रजी अक्षरं आहेत, बायकोशी त्यांचा काही संबंध नाही, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझी निम्मी दाढी पिकली. माझ्या घरात मात्र संबंध आला, आणि तेच सांगायला बसलोय.

माझं नाव कुंडलिक. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला माझं सायकलचं दुकान होतं. ही गोष्ट अडुसष्ट सालची. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. पण बीबीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. वेल्ह्याकडच्या डोंगरातले लोक सायकली एसटीच्या टपावर टाकून माझ्याकडे आणायचे. कुंडलिकनं आवळलेला कप कुंडलिकनंच सोडवावा, असं लोक म्हणत आणि मी त्यांना अडवत नसे. माणसाला थोडी घमेंड असावी, नाहीतर पाना धरायला जोर येत नाही.

माझी बायको अंजना वेल्ह्याकडच्या पासली गावची. सहाव्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव सावळा, भातशेती करणारा माणूस. त्यांनी पोरीला चौथीपर्यंत खांद्यावरून शाळेत नेलं, मग भोरला आत्याकडे ठेवून सातवी करवली. आमच्या लग्नात मला ते एवढंच म्हणाले, "खांदा तुमचा, पन शाळा आमची झालेली हाय. तेवडं ध्यानात ठेवा." मी मान हलवली. अर्थ कळायला पाच वर्षं लागली.

ती पाच वर्षं अंजना माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून हिंडली. बाजार, विहार, आत्याचं घर, दवाखाना, सगळं. माझी सायकल विलायती होती, माझ्या उस्तादांनी मरताना दिलेली. फ्रेम अशी हलकी की दोन बोटांवर उचलावी, आणि बीबी असा की तीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. मी अंजनाला उचलून मागं बसवायचो, ती माझ्या कमरेला हात घालायची आणि आम्ही निघायचो. चढाला मला दम लागला की ती मागून म्हणायची, "उतरू का?" हा तिचा नेहमीचा विनोद. मी म्हणायचो, "उतर आन् ढकल."

त्या साली महिला मंडळानं वरच्या आळीत बालवाडी काढली. मंडळाच्या भामाबाई स्वतः आमच्या घरी आल्या. बाई सरळ होत्या, पोटात एक नि ओठात एक असला प्रकार नव्हता.

"अंजना," त्या म्हणाल्या, "पोरांना गोष्टी सांगायला तुज्यासारकी बाई भोरात न्हाई. पन कुंडलिक आजारी पडला तर काय बालवाडीला कुलूप लावायचं? तुजी तू येशील-जाशील, तर जागा तुजी. म्हैनाभर बगू. तीनदा उशीर झाला की म्या दुसरी बाई बगनार. राग मानू नगं."

मी तोंड उघडायच्या आत अंजना म्हणाली, "येईन."

भामाबाई गेल्यावर मी विचारलं, "कशी येशील?"

"तुमी सायकलवाले हाय ना," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मी हातानं चालवायची तीन चाकी गाडी करायला घेतली. मागं दोन चाकं, मधे बसायला फळी, पुढं एक चाक. पुढच्या चाकाच्या चिमट्यावर उभी नळी आणि नळीच्या डोक्यावर, बाईच्या छातीसमोर, सायकलीचा बीबी. पायडलांच्या जागी लाकडी मुठी. मुठी हातांनी फिरवायच्या, चेन खाली पुढच्या चाकाला जाते, गाडी चालते. वळायचं तर त्याच मुठी वळवायच्या. पायडल उलटं मारलं की नुसतं मोकळं फिरणारं फ्रीव्हील मी चाकाच्या मधल्या हबलाच वेल्डिंगनं डकवायचं ठरवलं, म्हणजे मुठी उलट्या फिरवल्या की गाडी मागंही येईल.

आता खरं सांगतो. मी ती गाडी जेवढी तिच्यासाठी केली, तेवढीच माझ्या भीतीसाठी केली. वाटेत ती एकटी असताना काही तुटलं तर काय, हा प्रश्न माझ्या पोटात बसला होता आणि तो प्रत्येक नळीला एक नळी जोडत होता. बीबी मी दूधवाल्याच्या मोडक्या सायकलीतून कापला, जाड पत्र्याचा. नळ्या दुहेरी. फळीखाली लोखंडी पट्ट्या. पायांसमोर पत्र्याची ढाल, पाठीमागं आणखी एका फळीवर हत्यारांची पेटी.

वेल्डिंगला मी कापूरहोळला गेलो. तिथं हमरस्त्यावर रखमाजीचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. मी बीबी नळीवर धरला आणि तो थांबला.

"कुंडलिक, चेन डावीकडं? हे उलटं धरलंयस."

"मुद्दाम."

"मुद्दाम उलटं?"

मग मी त्याला समजावलं. बाईमाणसाचा पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर जातो आणि उजव्या अंगानं पुढं येऊन कमरेला खोचलेला असतो. काम करताना सुटतो तो उजवीकडेच. उजवीकडे चेन ठेवली आणि पदर तिच्यात सापडला, तर? म्हणून सगळा बीबी अख्खा फिरवून चेन डावीकडे. हे मला जेवताना सुचलं होतं आणि मी खूश होऊन एक भाकरी जास्त खाल्ली होती.

रखमाजी हसला. "लुगडं बगून वेल्डिंग करनारा तू पयलाच. धर नीट."

गाडी अंगणात आली. शेजारपाजार जमला. अंजनाला मी फळीवर बसवलं, चारी बाजूंनी गाडीवर थापा मारून दाखवल्या आणि म्हणालो, "जल्मभर तुटनार न्हाई."

तिनं मुठी धरल्या, दात आवळले, खांद्यांनी सगळा जोर लावला. चाक वीतभर फिरलं.

"तुटनार न्हाई, व्हय," ती म्हणाली. "पन जल्मात हालनार कदी?"

लोक हसले. मी त्या दिवशी दुकानात जाऊन बसलो आणि जेवायला घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं ढाल काढली, पेटी काढली, फळीखालच्या दोन पट्ट्या काढल्या. दूधवाल्याच्या बीबीला मात्र हात लावला नाही. तो मजबूत होता आणि मजबूतपणावर माझा विश्वास होता. अंजनानं आठ दिवस गल्लीत सराव केला. हाताला फोड आले, तिनं मुठींना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या.

सोमवारी ती निघाली. दुकानासमोरून गेली, बाजारातून पुढं, वरच्या आळीच्या चढाला लागली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मुठी सुटल्या असत्या. मी हातातलं चाक तसंच धरून उभा राहिलो आणि गिऱ्हाईक दोनदा खाकरलं. ती वेळेवर पोचली. त्या दिवशी मी एकटाच सायकलवर घरी आलो. मागं वजन नसलं की ती सायकल चढाला भुर्रकन जाते. मला ते हलकेपण अजिबात आवडलं नाही.

पाचव्या दिवशी भाजीवाली ठकुबाई धावत आली. "तुमची गाडी बाजारात बसलीय."

मी गेलो. अंजना गाडीवर ताठ बसली होती. चेनीच्या बाजूचा कप आटे सोडून निम्मा बाहेर आला होता आणि छर्रे रस्त्यावर सांडले होते. आजूबाजूच्या पोरांनी वेचून दिलेले सात छर्रे तिच्या ओंजळीत होते.

"अकरा असत्यात ना?" ती म्हणाली. "चार गटारात गेले."

मी तिला उचलून कॅरिअरवर घेतलं आणि वरच्या आळीत पोचवलं. उशीर झाला होता. भामाबाईंनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आणि मी? वाटेत तिचा हात माझ्या कमरेला होता आणि मला बरं वाटलं. हे सांगताना आजही लाज वाटते, पण वाटलं हे खरं.

त्या दुपारी मी नवा कप घातला आणि हातभर लांब पान्यानं आवळला. पान्याला लोंबकळलो म्हणा ना. पुढच्या आठवड्यात बुधवारी पुन्हा तेच. तीच जागा, तोच चढ, तेच छर्रे. या वेळी नऊ सापडले. दुसरा उशीर.

आता मात्र माझी खोपडी फिरली. कुंडलिकनं आवळलेला कप आपोआप सुटतो, ही बातमी स्टँडवर गेली असती तर दुकान उघडायची सोय राहिली नसती. मी कपाच्या कडेला पंच मारून आटे चेपले. नळकांड्याला करवतीनं चीर पाडली, वरून लोखंडी कडं चढवलं आणि बोल्टानं पिळलं. गाडी आणखी दीड किलोनं जड झाली. संध्याकाळी खांदे भरून आल्यानं अंजनाला पिठाचा डबा घरातल्या फळीवरून काढता येईना. मी खोबरेल गरम करून तिचे खांदे चोळत बसलो. पूर्वी ते खांदे चिमणीएवढे होते, आता गड्याच्या खांद्यासारखे कडक लागत होते.

"एक बोलू?" ती म्हणाली.

"बोल."

"तो कप पुढं जाताना सुटतो. मागं येताना आवळतो."

मी चोळायचा थांबलो. "तू पोरांना अ-आ शिकीव. कप मला शिकवू नगंस."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त खांद्यावरचा पदर नीट केला, आणि माझे दोन्ही हात तेलानं माखलेले तसेच राहिले.

शनिवारी बालवाडी लवकर सुटायची. दुपारी मी दुकानात एका पोलिसाच्या सायकलीची चेन धूत होतो, तर अंजना गाडी घेऊन थेट माझ्यासमोर थांबली. कपावर आणि नळकांड्यावर मिळून तिनं खडूनं एक सरळ रेघ ओढली होती. बालवाडीचा खडू, पांढरा.

"हितं बगा," ती म्हणाली. "आज कशीबशी वेळेत पोचले. कप पुन्ना हाताला ढिला लागतोय. म्या आता पुढं जाते. तुमी हितंच बसा."

ती स्टँडच्या मागच्या कच्च्या रस्त्यानं टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. कपावरची रेघ आणि नळकांड्यावरची रेघ यांच्यात आता नखभर अंतर पडलं होतं. मग तिनं मुठी उलट्या फिरवल्या आणि तोच सगळा रस्ता पाठीमागं जात कापला. तेवढ्या वेळात माझी निम्मी बिडी ओढून झाली. गाडी जवळ आली तेव्हा दोन्ही रेघा जवळजवळ एक झाल्या होत्या.

"ईस वर्सं म्या हेच काम करतोय," मी म्हणालो. आवाजात जोर नव्हता.

"ईस वर्सं तुमी त्ये पायाखाली बगितलं," ती म्हणाली. "म्या पंदरा दिस छातीम्होरं बगतीय."

मी बाकड्यावर बसलो.

चेनीच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, हे सायकलवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. दुसऱ्या बाजूचा कप सरळ, हा उलटा. कुणी नवशिक्या त्याला सरळ समजून पिळायला लागला की आम्ही त्याच्या डोक्यात टपली मारतो. मीही खाल्ली होती. पण ते आटे उलटे का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. आता त्या खडूच्या रेघेकडे बघताना एकदम उजेड पडला. एक्सल पुढं फिरतो तेव्हा छर्रे कपाला रोज तीळतीळ मागं ढकलतात. चेन उजवीकडे असली की ते ढकलणं त्या उलट्या आट्यांना आवळतं. माणूस जितका चालवील तितका कप घट्ट. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं, त्यानं सुटण्यालाच आवळायच्या कामाला लावलं होतं.

आणि मी सगळा बीबी फिरवून डावीकडे बसवला होता. आता माझी बायको जितकी पुढं जाईल तितका तिचा कप सुटणार होता. पाना कितीही लांब घेतला आणि कडी कितीही जड चढवली, तरी तिचं पुढं जाणंच त्याला सोडवणार होतं. तिनं ते आपल्या हाताखाली ओळखलं. मला भोर तालुका विचारायला येतो आणि मला ते दिसलं नाही.

मी तिला हे सगळं सांगितलं. पोलिसाची सायकल तशीच उलटी पडली होती.

"मंग चेन डावीकडं घेतली कशापायी?" तिनं विचारलं.

"तुज्या पदरापायी," मी म्हणालो. "तुजा पदर उजवीकडं सुटतो. चेनीत सापडला असता."

हे तिला माहीतच नव्हतं. मी कधी बोललोच नव्हतो.  तिचे डोळे भरून आले, पण आवाज तोच राहिला.

"एवडं बगितलंत," ती म्हणाली, "तर मला इचारलं का न्हाई?"

  आट्यांना विचारलं नाही आणि हिलाही विचारलं नाही. दोन्ही ठिकाणी मला वाटलं, आपल्याला कळतं.

दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या ट्यूबांचा ढीग होता. "त्यातली एक द्या," ती म्हणाली. मी दिली. तिनं कात्रीनं एक लांब पट्टा कापला, पदर कमरेभोवती घट्ट घेतला आणि वरून पट्टा बांधून गाठ मारली. मग दोन्ही हात पुढं-मागं फिरवून बघितले. पदर हलला नाही.

"एवडंच व्हतं," ती म्हणाली.

आता हाताशी उरला एकच रविवार, कारण सोमवारी बालवाडी होती आणि तिसरा उशीर परवडणार नव्हता. अडचण अशी की दूधवाल्याचा बीबी आता नुसता फिरवून चालणार नव्हता. पंच मारून, चीर पाडून, पान्याला लोंबकळून मी त्याचे आटे पार खाऊन टाकले होते. मी भंगार उचकटलं. एकाचे आटे गंजलेले, एक वाकडा, एक तडकलेला. आणि अचानक माझी नजर दाराशी टेकवलेल्या माझ्याच सायकलीवर गेली. हलका बीबी. तीस वर्षं न बोललेला.

या वेळी मी विचारलं.

"माजी सायकल कापू का?"

अंजनानं सायकलीकडे बघितलं. मग कॅरिअरकडे. कॅरिअरवर तिच्यासाठी मी पोत्याची गादी शिवून घेतली होती, तिला पाच वर्षांत तिच्या बसण्याचा खळगा पडला होता.

"मग तुमी कशावर जानार?"

"पायानं."

"आन् म्या मागं कशी बसनार?"

"तू आता मागं बसायचीच न्हाईस," मी म्हणालो. एवढं बोलून मी खोटं खोकलो. तिला ते खोटं कळलं.

"कापा," ती म्हणाली.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी कापूरहोळला गेलो. टपावर तीन चाकी आणि तिच्या शेजारी माझी सायकल. रखमाजीनं दोन्ही खाली उतरवून घेतल्या, सगळं ऐकून घेतलं आणि मग पोट धरून हसला.

"म्या म्हनलं व्हतं, उलटं हाय."

"तू म्हनलास. म्या मुद्दाम म्हनलं."

त्यानं करवत घेतली, माझ्या सायकलीच्या फ्रेमवर ठेवली आणि हसायचा थांबला. "कुंडलिक, हे परत जोडलं जानार न्हाई. अशी फ्रेम आता मिळत बी न्हाई. येकदा इचारतो."

"लाव," मी म्हणालो, आणि ट्रक बघत उभा राहिलो.

कापून झाल्यावर त्यानं दूधवाल्याचा बीबी कड्यासकट माझ्या उजव्या हातात दिला आणि माझ्या सायकलीचा डाव्या. उजवा हात खाली गेला. एवढी जड भीती मी पंधरा दिवस त्या बाईला चढावरून ओढायला लावली होती. मी ती रखमाजीच्या भंगारात टाकली. मग चेन उजवीकडे, पुढचं चाक फिरवून, सगळं सरळ. दुहेरी नळ्यांतली एकेक नळीही काढली. कप सुटणार नसेल तर बाकीच्या पहारेकऱ्यांना काय काम होतं? दुपारच्या एसटीनं आम्ही परत आलो, म्हणजे मी आणि गाडी.

सोमवारी सकाळी अंजनानं ट्यूबचा पट्टा बांधला, कपावर खडूनं नवी रेघ ओढली आणि निघाली. मी बाजारापर्यंत तिच्याशेजारून चालत गेलो. मला जोरानं पाय उचलावे लागत होते. चढाला ती माझ्या पुढं गेली आणि मी बाजारातच थांबलो. ठकुबाईनं टोपलीवरून मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "आज आवाज न्हाई गाडीला." खरंच नव्हता.

महिना भरेपर्यंत मी तिला जागेचं काही विचारलं नाही. ती आली की आधी कपाकडे बघायचो, मग तिच्याकडे. ती म्हणायची, "आदी मानसाकडं बगावं." रेघ जागच्या जागी असायची. भोरातल्या चार बायकांनी तिच्या कमरेचा पट्टा बघून माझ्याकडे जुन्या ट्यूबा मागितल्या, भात कापताना पदर आवरायला. मी दिल्या.

महिना भरला त्या दिवशी शनिवार होता. मी एका सायकलीचा कप बसवत होतो आणि, आता सवयच लागली होती, त्यावर खडूची रेघ ओढत होतो. अंजनाची गाडी दारात थांबली.

"जागा माजी झाली," ती म्हणाली. "भामाबाईंनी किल्ली दिली." तिनं पदराची गाठ सोडून किल्ली दाखवली. साधी पितळेची किल्ली. मी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि परत दिली. 

"चला, भाकरी खायाला," ती म्हणाली. "बसा मागं."

"म्या?"

"तुमची सायकल कापली न्हवं. मागं फळी हाय की. चला."

रस्त्यावर माणसं होती. स्टँडवर पासलीची गाडी लागली होती, टपावर माणसं सामान चढवत होती आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. मी म्हणालो, "म्या लई जड हाय."

"तुटंल का?"

"तुटनार न्हाई."

"मंग?"

"तुला वढवंल का?"

तिनं मुठी धरल्या आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पाच वर्सं म्या तुमच्या मागं बसले," ती म्हणाली. "जड हाय म्हनून कदी उतरवलंत का मला?"

मी दुकानाला कुलूप लावलं आणि मागं बसलो.